पन्नास टक्के बोअर

"वीकेंडला काय केलंस?" हा प्रश्न आमच्या टीममध्ये सोमवारी सकाळी रीतसर विचारला जातो. कोणी हरिश्चंद्रगड केलेला असतो, कोणी सोफा घेतलेला असतो. मी परवा खरं उत्तर देऊन टाकलं. म्हटलं, बोकड बघायला गेलो होतो. दोन सेकंद शांतता. मग एकीने विचारलं, "बिर्याणीसाठी?"

नाही हो. जावई म्हणून. :)

तर मंडळी, गेली काही वर्षं हे चाललंय. मी मूळचा जळगावचा, आणि मामांचं गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्यावरून आत. पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर, घरामागे गोठा. गोठ्यात मामीच्या शेळ्या. मामीच्या म्हणजे खरंच मामीच्या. कपाशीचा पैसा मामांच्या हातात येतो आणि दुकानदाराच्या हातात जातो, पण शेळीचा पैसा मामीच्या पिशवीत जातो. माझ्या मामेबहिणीची कॉलेजची फी दोन वर्षं त्याच पिशवीतून निघाली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित मी तोंड जरा कमी चालवलं असतं.

झालं असं की एका दिवाळीच्या आधी मामांनी मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला. पांढरं अंग, तांबूस-तपकिरी डोकं, लोंबते कान, छाती अशी की जिममध्ये जातो की काय. बोअर. मामांनी मला फोन केला, कारण आमच्या खानदानात इंटरनेटवरच्या कुठल्याही गोष्टीचा खरे-खोटेपणा तपासायचं खातं माझ्याकडे आहे. मी रात्रभर वाचलं आणि सकाळी एक्सेल शीट तयार. माहिती खरी होती, त्यात काही चूक नव्हती. बोअर ही दक्षिण आफ्रिकेची जात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या ईस्टर्न केपमधल्या शेतकऱ्यांनी मांसासाठी निवडून निवडून घडवलेली. बोअर या डच शब्दाचा अर्थच मुळी शेतकरी. १९५९मध्ये त्यांची पैदासकारांची संघटना झाली आणि मग जात कशी दिसावी याचे नियम ठरले. आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात आली, आणि तीही महाराष्ट्रातच. फलटणच्या निंबकर मंडळींनी गोठवलेले भ्रूण आणून इथल्या शेळ्यांच्या पोटात वाढवले.

शीटमध्ये वाढीचा दर होता, बाजारभाव होता, आणि बकरी ईदच्या आधी विकायच्या नरांची संख्या होती. शेवटच्या ओळीत नफा होता, हिरव्या रंगात. मी स्वतः बोनसमधले पंचवीस हजार घातले, मामांनी वीस घातले. एका माणसाकडून "पन्नास टक्के बोअर" असा बोकड पंचेचाळीस हजारांना गोठ्यात आला. कागद काही नव्हता. टक्केवारी त्याने तोंडी सांगितली आणि आम्ही ती सर्टिफिकेटसारखी घेतली.

मामी त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "डोकं दख त्यानं केवढं शे!"

मी हसलो. दिसण्यावर काय जातेस मामी, वगैरे. तिने दुसरं विचारलं ते आणखी सरळ होतं. "माले दूध पाहिजे. तुन्हा बोकड्या दूध देस का?" याच्यावर सगळेच हसलो.

आता ज्यांना शेळ्यांतलं काही माहीत नाही (म्हणजे काही वर्षांपूर्वीचा मी) त्यांच्यासाठी थोडं. बोकड दूध देत नाही हे बरोबर, पण त्याच्या मुली देतात, आणि त्या किती देणार याचा निम्मा हिशोब त्याच्याकडून येतो. त्याच्या आईने किती दिलं, बहिणींनी किती दिलं, यावरूनच तो कळतो. बोअरची निवड मांसासाठी झाली. आपलं पिल्लू पोसण्याइतकं दूध तिला असतं, पण घराच्या चहाला आणि शेजारच्या बाळाला पुरेल इतकं नाही. मामीचा प्रश्न विनोद नव्हता, ती रिक्वायरमेंट होती. आणि आमच्या धंद्यात जे नेहमी होतं तेच झालं. वापरणाऱ्या माणसाचं ऐकून न घेता प्रोजेक्ट सुरू झाला.

पुढचं लिहायला मला जड जातंय, पण लिहितो.

चांदी नावाची मामीची सगळ्यात चांगली शेळी. तिची एक पाट होती, आठ-नऊ महिन्यांची, शुभ्र पांढरी, कानाच्या टोकाला काळा ठिपका. मामीने बोकड आल्या दिवसापासून तिला वेगळ्या दाव्याला बांधलं होतं. अजून लहान आहे म्हणाली. मी फोनवर मामांना सांगितलं की सोबतच असू दे, जितकी पिल्लं जास्त तितके पैसे लवकर वसूल. मामांनी दावं सोडलं. पाट माजावर आली आणि गाभण राहिली.

शेळीचे दिवस साधारण दीडशे. मार्च महिना, रात्री दोन वाजता मामांचा व्हिडिओ कॉल. बल्बच्या उजेडात पाट आडवी पडलेली, मामी तिच्या मागे बसलेली, हात कोपरापर्यंत तेलाचे. डोकं अडकलं होतं. डॉक्टर दुसऱ्या तालुक्यात होते, सकाळी येतो म्हणाले. मी हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये पलंगावर बसून गुगल करत होतो. मामीने शेवटी पिल्लू ओढून काढलं. मेलेलं होतं. आमच्याकडची करडं दोन किलोच्या आसपास जन्मतात, हे पावणेचार किलो भरलं. पाट उजाडेपर्यंत टिकली.

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं ते कोणत्याही पुस्तकात आहे. पहिलटकर, वय कमी, वजन कमी, त्यात मोठ्या हाडाचा बोकड. पाटीला वर्षाची होऊ द्यावी, अंग भरू द्यावं, आणि पहिल्या वेताला तरी आपल्याच मापाचा बोकड दाखवावा. मामीने हे सगळं एका दोरीने सांगितलं होतं.

ती मला एक शब्द बोलली नाही. उन्हाळ्यात गेलो तेव्हा नेहमीसारखे कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. फक्त गोठ्याकडे चल असं म्हणाली नाही, जे ती दर वेळी म्हणायची.

आता बोअरवर अन्याय नको. बाकीच्या शेळ्या थोराड होत्या, त्या नीट व्यायल्या. पिल्लं खरोखर जोरात वाढली. माझ्या स्प्रिंगच्या काट्यावर (तोच, बॅगचं वजन करायचा) तिसऱ्या महिन्यात आमची साधी करडं दहा किलोच्या आसपास भरायची, ही तेरा-चौदा भरली. नर चांगल्या भावाने गेले. माझे पंचवीस हजार निघाले. शीटची हिरवी ओळ खोटी नव्हती. प्रश्न आला तो मागे राहिलेल्या पाटींचा. एकीला जादा सड होता. हा दोष बोअरमध्ये असतो, आणि त्या सडाला दूध नसतं. पिल्लू तेच धरून चोखत बसतं आणि उपाशी राहतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ला जातो, तेव्हा बाकीच्या शेळ्या बाभळीखाली शेंगा वेचत असायच्या आणि या दोघी सावलीत धापा टाकत खुराकाची वाट बघत असायच्या. दूध कसंबसं एकवेळच्या चहाला.

मामांनी मग आणखी एक डोकं चालवलं. मूळ बोकड विकला आणि त्याचाच एक देखणा मुलगा ठेवला. फुकटचा बोकड! पुढच्या वेतात जी करडं झाली त्यात एक बापासारखं लाल डोक्याचं, एक पांढरं पण खुजं, एक कोणासारखंच नाही. त्यात पाटी त्याच्याच सावत्र बहिणी, म्हणजे रक्तातल्या रक्तात. दोन करडं जन्मतःच अशक्त होती, गेली.

मी मामांना समजवायला लागलो. पहिल्या पिढीत दोन्हीकडचे गुण एकत्र येतात, वर संकराचा जोम मिळतो, म्हणून ती एकसारखी आणि जोरकस दिसते. पण तीच आपापसात लावली की पत्ते पुन्हा पिसले जातात, मेंडेलने वाटाण्यात दाखवलं तसं... मामांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे कपाशीचं बी." मी बघतच राहिलो. "हायब्रीड कपाशीची सरकी घरी ठेवून पुढच्या साली लावली तर काय येतं? एक झाड कमरेला, एक गुडघ्याला. म्हणून तर दर साली पाकीट घेतो ना भाऊ."

अगदी बरोबर. आणि हे ज्ञान कुठून आलं? जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, १९७०मध्ये डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतेत तयार केला. सुरत म्हणजे आमच्या ताप्तीच्या शेवटच्या टोकाला. खानदेशातला शेतकरी तेव्हापासून हे शिकत आलाय की संकर म्हणजे दर वर्षीचं पाकीट. फक्त बोकडाचं पाकीट पंचेचाळीस हजारांना येतं, हाच काय तो फरक.

असो. मला मात्र आता राहवेना. दुधाला, जुळ्यांना आणि उन्हाला टिकेल असा एकच प्राणी बनवता येतो का? लोकांनी काय काय केलंय ते वाचत सुटलो. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत बीटल शेळीवर अल्पाइन आणि सानेनचे युरोपी बोकड लावून दुधाळ संकर तयार केले. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीवर अंगोरा लावून मोहेर, म्हणजे ती तलम लोकर, काढायचा प्रयोग चालला. आज संगमनेरच्या बाजारात मोहेर विकायला बसलेलं कोणी मला तरी दिसलं नाही. नंतर त्याच राहुरीत संगमनेरी शेळी आहे तशी निवडून सुधारायचं काम सुरू झालं. मला या वळणात फार जीव वाटला.

पण माझी झोप उडवली ती मेंढीच्या गोष्टीने, शेळीच्या नाही. सुंदरबनात गॅरोल नावाची मेंढी असते. इवलीशी, दहा-बारा किलोची, दलदलीत चरणारी आणि सर्रास जुळी-तिळी देणारी. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या आणि त्यांचा हा गुण पुढे तिथल्या बुरूला मेरिनोत उगवला. २००१ साली शास्त्रज्ञांना त्याचं कारण सापडलं. एका जनुकातलं एक अक्षर बदललेलं. एक! आम्ही ज्याला एका कॅरॅक्टरचा डिफ म्हणतो तेवढंच. फलटणला डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अक्षर गॅरोलमधून दख्खनी मेंढीत आणलं. गॅरोलशी एकदा संकर, मग पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा दख्खनीशीच, आणि दर पिढीत ज्यांच्यात ते अक्षर उतरलंय तीच ठेवायची. अंग दख्खनीचं, जुळी गॅरोलची. नारी सुवर्णा असं त्या मेंढीचं नाव. ज्यांनी कधी दुसऱ्या ब्रँचमधली एकच कमिट उचलून आणलीय त्यांना ही गोष्ट वाचताना टाळी वाजवावीशी वाटेल.

पण हे जमलं कारण तिथे एकच अक्षर होतं, आणि मागे एक संस्था, एक प्रयोगशाळा आणि कितीतरी वर्षांचा धीर होता. दूध, वजन, काटकपणा हे असे एका अक्षराचे गुण नाहीत. शेकडो जनुकं थोडा थोडा भार उचलतात. शेळीच्या जुळ्यांचं तर आणखी गमतीचं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा बराच कमी, शेळीचं वय आणि खाणं यांचा मोठा. बोकड लावायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मूठ-दोन मूठ धान्य वाढवलं तरी जुळ्यांची शक्यता वाढते. मी हे मोठ्या उत्साहाने मामीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग मी काय करस?" ती दर साली श्रावणात बाजरी घालतेच.

त्या वेळी पहिल्यांदा मी शीट बंद करून तिच्यासमोर बसलो. वही घेतली आणि म्हटलं, मामी, तुला कसा बोकड हवा ते सांग.

तिने सांगितलं आणि मी लिहीत गेलो. त्याची आई दोन्ही वेळचं मिळून दोन लिटर देणारी असावी, आणि ते आपण डोळ्याने बघितलेलं असावं. आईने निदान दोनदा जुळी दिलेली असावी. डोकं मोठं नको. रंग पांढरा हवा (का? तर उन्हात बरं पडतं, आणि तिला आवडतो). गावकुसाबाहेरचा हवा, आपल्या रक्ताचा नको. खुराकावर फुगवलेला नको. मी विचारलं, जात? तिने हात उडवला. मग मीच शोधलं तर तिच्या या पांढऱ्या, दुधाच्या, फार लांब न चालणाऱ्या आणि दारात बांधून खाणाऱ्या शेळ्या सुरतीच्या जवळच्या निघाल्या. सुरतीला जुन्या नोंदींत खानदेशी, निमाडी अशीही नावं आहेत. म्हणजे जे मी आफ्रिकेपासून शोधत आलो त्याच्या नावात आमचंच नाव होतं. मी मामीला ही बातमी दिली. तिला काही विशेष वाटलं नाही.

आणि तिच्याकडे माझ्यापेक्षा मोठा डेटाबेस होता. कोणाची आई कोण, कोण किती वेत व्यायली, कोणत्या साली आंत्रविषाराने कोण गेली. चार पिढ्या, सगळं तोंडपाठ. चांदीवर येऊन ती थांबली. "आनि तिनी ती पाट," एवढंच म्हणाली आणि पुढच्या शेळीवर गेली. मी ती ओळही लिहिली.

मग २०२३च्या पावसाळ्यात आम्ही दोघं फिरलो. मामांची मोटरसायकल, मागे मामी, पदर डोक्यावर घट्ट. चाळीसगावजवळ बिलाखेडला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथे गेलो. वरखेडीच्या बाजारात गेलो. उस्मानाबादी बघितल्या, काळ्याभोर, काटक, जुळ्यांबद्दल प्रसिद्ध (२०२३मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच आहे). मामीला त्या आवडल्या, पण दूध कमी म्हणाली. बाजारात एक टपोऱ्या कासेची शेळी तिच्या पिल्लासकट उभी होती. मी खूश. मामीने कासेला हात लावला आणि माझ्या कानात सांगितलं, काल संध्याकाळपासून पिळलेली नाही. विकायची असली की कास अशी तुंबवून ठेवतात.

शेवटी तो सापडला धुळे तालुक्यात, एका आजींच्या दारात. चार शेळ्या, त्यातल्या एकीचा सहा महिन्यांचा बोकड, जुळ्यातला. पांढरा. डोकं लहानसं. मी पैसे काढायला लागलो तर मामीने माझा हात धरला. त्या आजींना म्हणाली, संध्याकाळची धार आमच्यासमोर काढा. काढली. लिटरभर, मापाने. आता तरी देऊ पैसे? नाही. सकाळची पण बघायची. तर मंडळी, आम्ही एका पूर्ण अनोळखी घरी मुक्काम केला. आजींनी खिचडी टाकली. रात्रभर दोघी अंगणात खाटेवर बसून अहिराणीत शेळ्यांचं बोलत होत्या आणि मी लॅपटॉप उघडून प्रॉडक्शनचा एक बग बघत होतो. सकाळी पुन्हा लिटरला थोडं कमी. मामीने मान डोलावली. अकरा हजार.

त्याचा निकाल कळायला दोन वर्षं लागली. ऑक्टोबर २०२३ला तो लागला, मार्च २०२४मध्ये पाटी जन्मल्या. मग त्या वर्षाच्या होईपर्यंत मामीने वेगळ्या दाव्याला बांधल्या आणि कोणी सोडायचं नाव काढलं नाही. आता त्यांच्यासाठी दुसरा बोकड हवा, कारण हा त्यांचा बाप. म्हणून पहिल्यांदा शेजारच्या गावातून महिनाभरासाठी बोकड उसना आणला आणि बदल्यात आपला तिकडे पाठवला. ही कल्पना मामीची. गावोगावी अशा चार बायका मिळाल्या तर दर दोन वर्षांनी बोकड फिरवता येईल आणि कोणालाच पाकीट घ्यावं लागणार नाही, असा तिचा हिशोब आहे. परवा बघायला गेलो होतो तो तिसरा बोकड, एरंडोलकडचा. आई चांगली आहे, पण धार एकच वेळची बघायला मिळाली, त्यामुळे मामीचा होकार अडलाय.

सहा पाटींपैकी चार यंदा सप्टेंबर २०२५मध्ये व्यायल्या. दोघींना जुळी, दोघींना एकेक. पहिलं वेत, त्या मानाने बरं. दूध मी शीटमध्ये भरतोय. सगळ्यात चांगली सव्वा लिटरवर आहे, सगळ्यात वाईट पाऊण लिटरवर. पाऊणवाली विकायची असं शीट म्हणते. मामी म्हणते थांब, दुसऱ्या वेताला बघू, तिची आजीपण अशीच होती.

काल रात्री फोन आला होता. काट्याचं हूक गंजून तुटलंय, येताना नवीन घेऊन ये म्हणाली. आणि पन्नास किलोचा आण, तो छोटा नको.